बोनेटखालचा बिऱ्हाडकरू

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमचा जुन्नर-आंबेगावचा मुलूख म्हणजे गणपतीचं आजोळच म्हणा ना. अष्टविनायकांपैकी दोन, ओझरचा विघ्नहर आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज, जुन्नर तालुक्यातले. मंचरहून सकाळी निघालं तर दोन्हीकडे जाऊन माणूस दुपारच्या जेवणाला घरी येतो. गणपतीच्या देवळात गेलेली पुष्कळ मंडळी आधी उंदराच्या कानाशी लागतात, आपलं मागणं हळूच सांगतात. साहेबाकडं अर्ज पोचवायचा तर आधी शिपायाशी ओळख हवी, तसंच हे. मला त्यातली श्रद्धा आवडते आणि व्यवहारही आवडतो. पण अलीकडे आमच्या मंचरच्या गॅरेजांत उंदराविषयी जे बोललं जातं, ते त्याच्या कानात सांगण्यासारखं नसतं. कारण देवाचं वाहन आता माणसांच्या वाहनात शिरलंय. आणि शिरून बसत नाही, कुरतडतंय.

मला प्रवासाविषयी बोलायला सांगितलं आहे. प्रवासात अडवणूक करणाऱ्या गोष्टी काय थोड्या आहेत? खड्डे आहेत, दरडी आहेत, ऊस भरलेल्या ट्रॉल्या आहेत. पण गाडी रस्त्यावर यायच्या आधीच, रात्रीत, कुणाला न कळता जी अडवणूक होते तिच्याबद्दल आपण फार बोलत नाही. म्हणून आज कवितेतला पाऊस बाजूला ठेवून बोनेटखालच्या उंदरावर बोलतो.

दोन वर्षांमागचा डिसेंबर. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, घोडेगावच्या पुढं डिंभ्याच्या बाजूला राहते. पुण्यात तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. तिच्या मुलाची गाडी आठ-दहा दिवस दारात उभीच होती, भाताच्या पेंढ्याच्या गंजीला लागून. पहाटे आम्ही तिघं निघालो. गाडी एका चावीत सुरू झाली. घोडेगाव मागं पडलं, मंचर चार-पाच किलोमीटरवर आलं आणि मागं बसलेली आपा म्हणाली, "पेट्रोलचा वास येतोय रे." भाचा म्हणाला, "अम्मी, पुढच्या टेम्पोचा असेल." टेम्पो वळून गेला, तरी वास होताच. आपाला डोळ्यांनी कमी दिसायला लागल्यापासून तिचं नाक फार तिखट झालंय. ती म्हणाली, "बेटा, गाडी बाजूला घे. आधी मला उतरव, मग वाद घाल."

गाडी थांबवली, बंद केली, तिघंही उतरून लांब उभे राहिलो. मंचरच्या मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "आता चावीला हात लावू नका. जवळ कुणाला बिडी ओढू देऊ नका. मी येतो." मोटारसायकलवर ते आले, गाडी निवायची वाट बघितली आणि मग बोनेट उचललं. पेट्रोलच्या पाइपाला बारीक दातांच्या खुणा, त्यातून ठिबक चालू. बॅटरीशेजारच्या सपाट जागेवर पेंढा, चिंध्या, बोनेटच्या आतल्या अस्तराचा कापूस आणि भुईमुगाची टरफलं. नीटनेटकं घरटं होतं ते. मिस्त्री मला म्हणाले, "काका, हेच पुढं खेड घाटात, इंजिन तापल्यावर ठिबकत राहिलं असतं, तर गाडी पेटायला एक ठिणगी पुरे होती."

पाइपाला पट्टी गुंडाळून पुण्यापर्यंत जाता येईल का, असं भाच्यानं विचारलं. मिस्त्रींनी सरळ नाही म्हटलं. वायरीला पट्टी चालते, पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या पाइपाला चालत नाही, हा त्यांचा नियम. गाडी दोरीनं ओढत गॅरेजला नेली. आपाला मी मंचरच्या स्टँडवर एसटीत बसवलं आणि सोबत गेलो. ऑपरेशन त्याच दिवशी झालं. आज ती मला माझ्या कवितेतल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवते, इतकं तिला स्वच्छ दिसतं.

हा प्रसंग सांगितला तो एवढ्यासाठी, की उंदीर म्हटलं की आपण हसतो. त्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण जिवाशी खेळही आहे.

उंदीर वायर का खातो? तर तो ती खात नाही. उंदराचे पुढचे पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात. झिजवले नाहीत तर त्याला तोंड मिटणं कठीण व्हायचं. त्या दातांची पुढची बाजू कठीण आणि मागची मऊ, त्यामुळं कुरतडताना ते आपोआप धारदार होतात. आमच्या सुताराची पटाशी दगडावर घासावी लागते; उंदराची कामातच घासली जाते. लाकूड, प्लास्टिक, रबर, साबण, जे सापडेल त्यावर तो दात चालवतो. आता काही गाड्यांच्या वायरींच्या आवरणात सोयाबीनपासून केलेला अंश असतो आणि म्हणून उंदीर येतात, असा एक समज आहे. अमेरिकेत त्यावरून कोर्टात दावेही झाले. पण सोयाबीनशी काही संबंध नसलेल्या जुन्या जीपगाड्यांच्या वायरीही उंदरांनी सोडल्या नव्हत्या, हे आमच्या भागातला कुठलाही जुना ड्रायव्हर सांगेल.

फरक पडला तो गाडीत. जुन्या जीपला मोजक्या वायरी असत. एखादी तुटली तर ड्रायव्हर स्वतः जोडून पुढं निघे. आताच्या गाडीत दोऱ्याइतक्या बारीक वायरींचे जुडगे असतात, चाकाचा वेग सांगणारे, हवा मोजणारे, पेट्रोल मोजणारे. त्यातली एक तुटली की समोरच्या काट्यांच्या पाटीवर दिवाळी होते आणि गाडी हटून बसते.

आणि उंदीर येतो तो मुळात घर शोधायला. आमच्या भागात कांद्याच्या बराखी आहेत, बटाटा आहे, ऊस आहे. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाचे फड तुटायला लागतात. एका दिवसात फड मोकळा होतो आणि त्यातले उंदीर, घुशी उघड्यावर येतात. त्याच सुमारास थंडी पडते. संध्याकाळी गाडी दारात येऊन थांबते, तिचं इंजिन तास-दोन तास ऊबदार असतं. अंधार आहे, आडोसा आहे, वरून घुबडाची आणि खालून मांजराची भीती नाही. अर्ध्या इंचाची फट त्याला पुरते. असं बिऱ्हाड भाड्याशिवाय मिळत असेल तर कोण सोडेल? चालती असते तोवर ती गाडी असते. आठ दिवस उभी राहिली की कुणाचं तरी घर होते.

ही तक्रार फक्त आपलीच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सिकोया राष्ट्रीय उद्यानात मिनरल किंग नावाचं खोरं आहे. तिथं मार्मट नावाचा, खारीच्या कुळातला, मांजराएवढा प्राणी उभ्या गाड्यांच्या नळ्या आणि वायरी कुरतडतो. डोंगर चढायला आलेले लोक उन्हाळ्याच्या सुरुवातीला आपल्या गाड्या खालून-वरून ताडपत्रीत गुंडाळून ठेवतात आणि परत निघताना आधी बोनेट उघडून बघतात. तिकडं मार्मट, आपल्याकडं उंदीर. उपाय मात्र दोन्हीकडं एकच, निघण्याआधी बघणं.

आता आपण काय करावं? मिस्त्रींनी सांगितलेलं आणि मी ताडून पाहिलेलं सांगतो.

गाडी पेंढा, बराख, जळणाचा ढीग, उकिरडा यांच्यापासून लांब, मोकळ्या फरशीवर उभी करावी. दोन-तीन दिवसांआड थोडी फिरवावी. बंद शेड असेल तर रात्री बोनेट उघडं ठेवलं तर उंदराला हवा असलेला अंधार आणि आडोसा मिळत नाही. फक्त आत दिवा असेल तर तो जळत राहून बॅटरी उतरणार नाही हे बघावं. गाडीत खाऊ, शेंगा, प्रसादाचा पुडा ठेवू नये. जाळी लावायची तर जाणकाराकडून लावून घ्यावी, नाहीतर इंजिनाची हवा अडते. चाकांजवळ पिंजरे लावावेत. तंबाखूची पुरचुंडी, डांबराच्या गोळ्या, फिनेल हे सगळे करून बघतात. वास उडाला की उंदीर परत येतो. आणि कापडाची पुरचुंडी सायलेन्सरच्या तापलेल्या नळीजवळ बांधणं म्हणजे आगीला आमंत्रणच.

लांबच्या प्रवासाला निघताना अर्धा मिनिट बोनेट उचलून बघावं. लेंड्या, काड्या, कापूस, दातांच्या खुणा दिसतात का? गाडीखाली जमीन ओली आहे का? वाटेत पेट्रोलचा किंवा जळका वास आला, तापमानाचा काटा चढला, ब्रेकचा किंवा तेलाचा दिवा लागला, तर पुढचं गाव गाठायचा मोह नको. थांबा, इंजिन बंद करा, माणसं लांब उभी करा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि पेट्रोल ठिबकत असेल तर सुरू होते का बघू म्हणून चावी फिरवू नका.

घरटं काढायचं असेल तर हातमोजे घाला, नाकाला फडकं बांधा, जागा जंतुनाशकाच्या पाण्यानं भिजवून मग पुसा. कोरडं झाडू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईनं त्याचा फटका सोसला आहे.

खर्चाचंही बोललं पाहिजे. कायद्यानं सक्तीचा असतो तो त्रयस्थ पक्षाचा विमा. त्यात आपल्या गाडीची कुरतडलेली वायर बसत नाही. सर्वंकष विमा असला तरी उंदराचं नुकसान मिळेल की नाही, हे त्या त्या पॉलिसीच्या अटींवर असतं. विमा घेतानाच विचारून घ्यावं आणि नुकसान दिसलं की दुरुस्तीआधी फोटो काढून कंपनीला कळवावं. ज्याचं पोट टेम्पोवर आहे, त्याचा लिलावाचा एक दिवस बुडाला तर कांद्याचा भावही त्याची वाट बघत थांबत नाही.

राहिली गोष्ट विषाची. चिडलेला माणूस पहिल्यांदा दुकानात जाऊन विष आणतो. मी हात जोडून सांगतो, त्या वाटेला जाऊ नका. विष खाल्लेला उंदीर गाडीच्याच एखाद्या सांदीत मरतो आणि मग आठवडाभर त्या गाडीत बसवत नाही. पिवळ्या फॉस्फरसची जी पेस्ट मिळते ती माणसाच्या पोटात गेली तर यकृत निकामी करते आणि तिच्यावर खात्रीचा उतारा नाही. अशी डबी घराच्या फळीवर असणं हेच धोक्याचं. पोरंबाळं असतात, आणि रागाच्या एका क्षणी मोठ्यांचा हातही तिकडं जातो. शिवाय विषानं मेलेला उंदीर मांजर खातं, घुबड खातं. गव्हाणी घुबड हे शेतकऱ्याचं रात्रपाळीचं माणूस. ते छपरावर बसलं की आपण अपशकुन म्हणून दगड मारतो. धामण दिसली की काठी उचलतो. उंदीर खाणारे सगळे मारून झाले की उंदरांनी बोनेटखाली संसार थाटला म्हणून ओरडतो.

आमच्याकडं हदीसमध्ये एक सांगणं आहे. रात्री झोपण्याआधी दिवा विझवा, कारण उंदीर पेटती वात ओढून नेतो आणि घराला आग लावतो. लहानपणी अम्मी दिव्यावर फुंकर घालताना हे सांगायची, तेव्हा मला ती उंदराची गंमत वाटायची. मंचरच्या रस्त्यावर ठिबकणारं पेट्रोल पाहिलं तेव्हा कळलं, की चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या घरात आणि आमच्या गाडीत धोका एकच आहे. त्या सांगण्यात उंदराला शिव्याशाप देऊन भागत नाही, दिवा विझवायचं काम झोपणाऱ्या माणसाकडं दिलं आहे. मला ते पटतं. उंदीर आपल्या दातांप्रमाणे वागणार. बघायचं काम आपलं.

तेव्हा श्रोते हो, उद्या कुणाला दवाखान्यात, कुणाला लग्नाला, कुणाला ओझर-लेण्याद्रीला जायचं असेल. चावी फिरवण्याआधी एकदा बोनेट उचला. आत कुणी राहायला आलं नसेल, तर निर्धास्त निघा. आणि मागच्या सीटवरून कुणी म्हातारं माणूस म्हणालं, की वास येतोय, तर आधी गाडी थांबवा.