डोळे आल्यावर थेंब कोणते?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)

२०२३ च्या पावसाळ्यात देशभर डोळ्यांची साथ आली होती, आठवत असेल. तेव्हा इथे इंदूरमध्ये माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांच्या खिशात आधीच एक बाटली असायची. प्रश्न एकच, "डॉक्टर, हीच घालू की दुसरी देता?"

साथीतले डोळे बहुधा विषाणूमुळे येतात. पाणी गळतं, वाळू गेल्यासारखं खुपतं. मॉक्सिफ्लॉक्सासिन, क्लोरॅम्फेनिकॉल ही जिवाणूंवरची औषधं. विषाणूवर ती चालत नाहीत. घट्ट पिवळी चिपडं येऊन सकाळी पापण्या चिकटत असतील, तर त्यांचा उपयोग. विषाणूचा आजार एक-दोन आठवड्यांत आपला आपण ओसरतो. तोवर थंड पाण्याच्या घड्या आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब बहुतेकांना पुरतात. आम्ही डॉक्टरही अँटिबायोटिक लिहून देतो ते, खरं सांगायचं तर, पुष्कळदा रुग्णाच्या समाधानासाठी.

नुसती खाज असेल तर ती ॲलर्जी. तिला ओलोपॅटाडिनसारखे थेंब.

भीती वाटते ती स्टेरॉइडची. बाटलीवर बारीक अक्षरांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असतं, बरेचदा अँटिबायोटिकच्या जोडीला. लाली झटकन उतरते, म्हणून शेजारीपाजारी हीच बाटली सुचवतात. पण बुबुळावर हर्पीसचा व्रण असेल तर याच थेंबांनी तो चिघळतो. काही विशिष्ट आजारांत आम्ही स्टेरॉइड देतो, पण डोळा तपासून आणि दाब मोजत.

गेल्या वर्षी सोळा वर्षांचा एक मुलगा आला. दर उन्हाळ्यात डोळे खाजायचे म्हणून चार वर्षं दुकानातून तीच बाटली आणत होते. डोळे दिसायला स्वच्छ होते. आतला दाब मात्र वाढून काचबिंदू झाला होता आणि उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती. ती परत येत नाही. आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अहो, पण त्या थेंबांनी बरं वाटायचं त्याला."

घरातल्या बाटल्या आणायला सांगितलं होतं, पुष्कळांनी आणल्यात. आरतीनंतर मी बाहेरच्या टेबलापाशी बसतो. उघडून महिना उलटलेल्या आणि घरात दोघातिघांनी वापरलेल्या आधी बाजूला काढू. मग एकेकीवरचं बारीक अक्षर वाचू. चष्मा जवळ ठेवा.