बीजदोष आणि मनुष्याची प्रतिष्ठा



चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव असे सूक्ष्म भेद सांगितले असून, बीजाच्या ज्या भागात दोष उत्पन्न होतो त्यापासून घडणारा अवयव विकृत होतो, असा विचार तेथे मांडलेला आहे. त्यास आधुनिक अनुवंशशास्त्र म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि रोगाचे मूळ बीजात असू शकते, हे प्राचीन वैद्यांनी ओळखले होते, यात संशय नाही.

सायलीच्या परिसरात हा विषय केवळ ग्रंथातला नाही. येथील आदिवासी समाजांत सिकलसेल नावाचा रक्तरोग आढळतो. वाटोळ्या असावयाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोग्याची हाडे असह्य ठणकू लागतात. १९१० साली शिकागोच्या हेरिक यांनी या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली पॉलिंग यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोष असल्याचे दाखविले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत त्याची नोंद झाली.

मग हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? १९५४ साली, म्हणजे नगरहवेली मुक्त झाली त्याच वर्षी, अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतील निरीक्षणांवरून त्याचे उत्तर दिले. हे बीज माता किंवा पिता यांपैकी एकाकडूनच मिळाले, तर घातक हिवतापापासून रक्षण होते. असा मनुष्य केवळ वाहक होय. तो सामान्यतः निरोगी असतो. दोघेही वाहक असतील तर मात्र प्रत्येक गर्भधारणेत अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. ज्याने पूर्वजांना तारले, तेच वंशजास पीडा देते. यात पाप कोणाचे?

ज्ञान विवेकावाचून वापरले की काय होते, हे इतिहासाने दाखविले आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ साली तथाकथित ‘अयोग्य’ माणसांच्या सक्तीच्या वंध्यीकरणाचा कायदा केला. १९७० नंतरच्या काही वर्षांत त्याच देशातील अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांवर सिकलसेलच्या तपासणीची सक्ती केली आणि निरोगी वाहकांनाही नोकरी व विमा यांत अडथळे सोसावे लागले.

१ जुलै २०२३ रोजी भारतात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. २०४७ ही त्याची मर्यादा आहे. त्याच वर्षी सायली येथे वैद्यकीय महाविद्यालयाच्या वास्तूचे उद्घाटन झाले. तपासणी अवश्य व्हावी. हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात, हेही घरोघर सांगितले जावे. परंतु तपासणी संमतीने व्हावी, तिचा निष्कर्ष गुप्त राहावा आणि विवाहापूर्वी वधूवरांस समजावून सांगणारा जाणता मनुष्य भेटावा. वाहकाचे कार्ड ही नवी जात होता कामा नये. विशेषतः दोष सुनेच्या माथी मारणे हा उघड अन्याय आहे. कारण रोगी बालकात बीज जितके मातेचे, तितकेच पित्याचे असते.

देह बीजापासून घडतो. मनुष्याची योग्यता त्यावरून ठरत नाही. वेदनेने कण्हणाऱ्या बालकाला अंथरुणावरून उचलून वेळेवर दवाखान्यात पोहोचविणे, ही या भूमीतील भक्तांस सहज घडण्याजोगी सेवा होय.