बिघाड सापडला की परत येऊन सांगा

मालक-चालक मंडळींनो, मिस्त्री बंधूंनो आणि आज ज्यांच्या अंगणात आपल्या गाड्या उभ्या आहेत त्या वडनेरकरांनो,

तुम्ही मला जुन्या गाड्यांच्या या मेळाव्याचं अध्यक्षपद दिलंत, त्याबद्दल आभार. मेळाव्यासाठी वडनेर भोलजी निवडलंत, त्याचा आनंद त्याहून मोठा. सुरतेहून कोलकात्याला जाणारा महामार्ग या गावावरून जातो. कागदोपत्री इथे त्याचा नंबर आता ५३ आहे, पण आपल्या तोंडी तो अजून 'सहा नंबर'च. मलकापूर ते नांदुरा या पट्ट्यात वैशाखातल्या दुपारी किती फियाट आणि अँबेसेडर बॉनेट उघडून उभ्या राहिल्या असतील! आणि अशा गाडीजवळून जाणारा माणूस थांबून विचारतोच, "काहून थांबली भाऊ गाडी?" हा प्रश्न विचारणारी माणसं आहेत म्हणून जुनी गाडी रस्त्यावर काढायची हिंमत होते.

आज मला बोलायचं आहे ते या प्रश्नाच्या उत्तराबद्दल.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीची तक्रार घ्या. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला उठते, तासभर छान चालते, मग आचके देत बंद पडते. अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते. भोवती जमलेले दहा जण एकमुखाने सांगतात, एसी पंप, म्हणजे पेट्रोल ओढणारा पंप, गरम झाला, ओलं फडकं टाका. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. पेट्रोलमधले हलके घटक तर चाळीसच्या आसपासच वाफ होऊ लागतात. पंप इंजिनाला चिकटून बसवलेला, त्यामुळे तो पेट्रोलऐवजी वाफ ओढतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. फडक्याने पंप निवतो, हे खरं आहे. राजूरचा घाट चढताना अनेकांनी हे अनुभवलंय.

पण कॉइल आतून खराब झाली असेल तरीही गाडी नेमकी अशीच वागते. कॉइल तापली की करंट तुटतो, निवली की परत येतो. डेल्कोतला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला, कंडेन्सर गेला असेल तरी तसंच. आणि टाकीच्या झाकणाचं बारीक भोक धुळीने बुजलं असेल, तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. मधल्या वेळात हवा थोडीथोडी झिरपते आणि गाडी उठते. श्रेय मात्र ओल्या फडक्याला मिळतं. तक्रार एक, कारणं चार. म्हणून गाडी बंद पडल्या क्षणी, ती निवायच्या आत, पाहायला हवं. आधी झाकण उघडून बघा, हवा आत ओढल्याचा आवाज येतो का. मग प्लगची वायर काढून ठिणगी बघा: निळी आणि कडक, की पिवळी आणि मरतुकडी, की नाहीच? ठिणगी ठीक असेल तर कार्बोरेटरकडचा पाइप सोडून पेट्रोल येतं का ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता पंप, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर सगळं एकदम बदललं तर गाडी चालू होते, पण बिघाड कशात होता हे कुणालाच कळत नाही. पुढच्या माणसाच्या हाती काही लागत नाही.

माझं खरं दुखणं हेच आहे. आपण मदत मागायला लाजत नाही आणि द्यायला तर अर्ध्या रात्री उठतो. पण बिघाड सापडल्यावर परत येऊन सांगणारे फार थोडे. बरा झालेला रोगी वैद्याकडे फिरकत नाही, तसं होतं. दहा जणांनी दहा सल्ले दिले, त्यातला खरा कोणता होता हे त्या दहांना कधी कळतच नाही. ते पुढच्या वेळी तोच सल्ला तितक्याच ठामपणे देतात.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास. पेट्रोलची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली, इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं आणि झिजलेल्या ब्रेकवर गावच्या चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडी ढकलावी लागली. हे सारं लोक कौतुकाने सांगतात. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की चढाची अडचण त्यांनी घरी येऊन कार्ल बेंझ यांना सांगितली आणि गाडीला चढासाठी आणखी एक गिअर मिळाला.

आपल्याला असं परत येऊन सांगणं आता अधिक गरजेचं झालंय. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभी केलेली प्रीमियर कंपनी आता पद्मिनी बनवत नाही. अँबेसेडर २०१४ मध्ये थांबली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होत्या तोवर सुटे भाग बनत होते, फिटर तयार होत होते. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी दिली, ती मूळ रूप राखण्याच्या अटीवर. पण मूळ रूप राखायचं कसं, हे ज्यांच्या हातांना ठाऊक आहे ते मिस्त्री साठी-सत्तरीत आहेत. त्यांचं ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. हे मला अस्वस्थ करतं.

त्यात पेट्रोलही बदललंय. २० टक्के इथेनॉल जुन्या रबरी पाइपांना फुगवतं, पंपाचा पडदा खातं, टाकीचा जुना गाळ सुटा करून जेटमध्ये आणून बसवतं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत ते पाणी शोषतं आणि टाकी आतून गंजते. हा बिघाड आपल्या गुरूंनीही पाहिलेला नव्हता. तो आपणच शिकायचा आहे.

म्हणून या मंडपात आजपासून एक वही ठेवूया. तक्रार काय होती, गाडी गरम होती की थंड, काय काय तपासलं, कशाने फरक पडला नाही आणि शेवटी कारण काय निघालं, हे मराठीत लिहायचं. ज्या मिस्त्रीने बिघाड ओळखला, त्यांची हरकत नसेल तर त्यांचं नावही. चुकलेला अंदाजही लिहायचा, कारण तोही कुणाचे तरी पैसे वाचवतो. जेवणानंतर बॉनेट उघडण्याचं सत्र आहे. ज्यांनी इथेनॉलमुळे पाइप किंवा पडदे बदलले, त्यांनी ते जुने भाग सोबत आणले असतील तर टेबलावर मांडावेत आणि पहिल्या पानावर आपली नोंद करावी. सुरुवात ज्येष्ठ मिस्त्रींनी करावी, ते सांगतील ते तरुणांपैकी कुणीतरी लिहून घ्यावं.