एका मिलिमीटरचा मुलूख

(वरवंड येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



फुलांची आणि कीटकांची जवळून छायाचित्रे काढू लागलेल्या गावातील काही तरुणांनी यंदाचा हा विषय सुचविला, आणि तो सुचविताना त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा की, लेन्स कोणती घ्यावी. मी पाटबंधाऱ्याच्या दप्तरात नोकरीस होतो आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा खांद्याला लावून व्हिक्टोरिया तलावाच्या आणि कालव्याच्या कडेने हिंडत असे, त्या काळी माझाही प्रश्न हाच होता. त्याच्या पाठीस लागून मी जी वर्षे घालविली ती सर्वस्वी वाया गेली असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या गोष्टीने माझी चित्रे खरोखर सुधारली ती दुकानात विकत मिळणारी नव्हती, ती आपल्या पाटाच्या भरावावर होती.

तथापि आधी यंत्राचा खुलासा करतो. ज्याला मॅक्रो म्हणतात त्या प्रकारात वस्तूची प्रतिमा कॅमेऱ्याच्या संवेदकावर प्रत्यक्ष वस्तूएवढीच पडते. ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद अशा पूर्ण आकाराच्या संवेदकावर या प्रमाणात चित्र घेताना लेन्सचे छिद्र एफ ८ वर ठेवले, तर जेवढा भाग स्पष्ट उमटतो त्याची खोली जेमतेम १ मिलिमीटर भरते. बाभळीच्या फांदीला एकच लहानसे पोळे बांधणाऱ्या फुलोरी माशीचे डोकेदेखील याहून जाड असते. छिद्र एफ १६ पर्यंत बारीक केले म्हणजे ही खोली दुप्पट होते हे खरे. पण प्रकाश चौथाईवर येतो, विवर्तनामुळे सबंध चित्राची धार बोथट होते, आणि इतक्या जवळच्या अंतरासाठी लेन्स संवेदकापासून पुढे सरकलेली असल्याने मुळातच प्रकाशाची चौथाई तेवढी हाती उरलेली असते, ती आणखी घटते. सबब, आपल्या ताब्यात असलेला मुलूख एका मिलिमीटरचा आहे हे ओळखून त्यात काय ठेवावे आणि काय सोडावे याचा निवाडा चित्र काढण्यापूर्वीच करावा लागतो. कीटकाचा डोळा मी कधीही सोडीत नाही. फुलपाखराने पंख मिटले असतील तर त्याचा पंख हाच एक सपाट कागद असतो. कॅमेरा त्याला समांतर धरला की तेवढ्याच खोलीत सबंध नक्षी मावते, आणि हात किंचित तिरपा झाला की अर्धी पुसली जाते. फोकसचे कडे एकदा ठरवून मग त्याला स्पर्श करू नये. कोपरे गुडघ्यांवर टेकून सबंध देहच तसूभर पुढेमागे झुलवावा आणि डोळा लख्ख दिसला त्या क्षणी कळ दाबावी.

खर्चाविषयी थोडक्यात. ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्समागे ५० मिलिमीटर लांबीच्या पोकळ नळ्या जोडल्या तर वस्तूएवढी प्रतिमा मिळते, आणि त्या नळ्यांत काच नसल्याने त्या स्वस्त असतात. ज्यांच्यापाशी केवळ मोबाइल आहे त्यांनीही खिन्न होऊ नये, कारण त्याचा संवेदक इवलासा असल्याने तेवढ्याच चौकटीत स्पष्टतेची खोली त्याला अधिक मिळते. फ्लॅश वापरावयाचा तर त्याच्यापुढे दुधाच्या पांढऱ्या कॅनचा तुकडा किंवा बटर पेपर धरावा आणि तो कीटकाच्या शक्य तितका निकट आणावा. भुंगेऱ्याच्या तुकतुकीत पाठीवर जो पांढरा डाग पडून सारी शोभा जाते, तो प्रकाशाच्या आधिक्याने नव्हे, प्रकाशाचा उगम लहान असल्याने पडतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. निळसर पट्ट्यांची एक माशी आपल्या वांग्याच्या आणि टोमॅटोच्या मळ्यांत येते. शास्त्रज्ञ तिला अमेगिल्ला म्हणतात. फुलाला लटकून ती उडण्याचे स्नायू थरथरविते, त्यासरशी परागकोशांतून पराग झडून तिच्या अंगावर पडतात. या माशीचे एक बरे चित्र मिळावे म्हणून एका आश्विनात मी लागोपाठ नऊ दुपारी वांग्याच्या एका वाफ्यात बसलो होतो, आणि माझ्यापाशी जमा झाल्या त्या केवळ निळ्या रेघा. दहाव्या दिवशी दिवेलागण झाल्यावर भरावावरून परत येत असता आमच्या पाटकऱ्याने मला हटकले. बारा वर्षे तो रोज सायंकाळी दारे पाहत त्या वाटेने जात असे. तो म्हणाला, “भाऊसाहेब, त्या माश्या तर रोज हितंच निजत्यात की.” आणि त्याने गवताची एक वाळलेली काडी दाखविली. तिच्यावर सात-आठ माश्या एकीखाली एक अशा ओळीने, काडी जबड्यात घट्ट धरून, निश्चल झोपल्या होत्या. मागाहून वाचनात आले की, असे उघड्यावर निजतात ते नर. माद्या मातीतल्या आपल्या बिळांत असतात. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी मी तेथे गेलो. वारा नव्हता, त्यांच्या अंगावर दव होते. वाळूच्या पुरचुंडीवर कॅमेरा टेकवून, पाव सेकंदाचा अवधी देऊन, मी अर्धा तास चित्रे घेतली. लेन्स तीच होती आणि हातही तेच होते. तफावत पडली ती एवढीच की, ही माशी रात्री कोठे मुक्कामाला असते हे आता मला ठाऊक झाले होते, आणि ते सांगणाऱ्याने आयुष्यात कधी कॅमेरा हाती धरलेला नव्हता.

तेव्हापासून मी हिंडणे सोडले आणि पाटाच्या कडेची एकच रुई धरली. तिच्या पानाखाली एकेकटे घातलेले, उभ्या कंगोऱ्यांचे फिकट अंडे, त्यातून निघून काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांनी नटलेली सुरवंटे, पुढे त्यांचीच झालेली केशरी फुलपाखरे, निळ्यापिवळ्या रंगाचे सुस्त टोळ, आणि फुलांवर घोंघावणारा काळा भुंगा, हा सारा परिवार मला त्या एका झाडाने दाखविला. रुईचे पराग पिठासारखे सुटे नसून जोडीजोडीच्या पिवळ्या पिशव्यांत बंद असतात, आणि त्या पिशव्या फुलावर उतरलेल्या कीटकाच्या पायांना अडकून दुसऱ्या फुलाकडे जातात. हे पुस्तकात वाचणे निराळे आणि भुंग्याच्या पायावर अडकलेली ती जोडी आपण काढलेल्या चित्रात सापडणे निराळे. त्या दिवशी मला जो आनंद झाला त्याचे वर्णन करण्यास शब्द अपुरे आहेत.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर वावरात दिसणारा मखमली तांबडा किडा आपण सर्वांनी बालपणी तळहातावर घेतला आहे. त्याला आठ पाय असतात. तो कीटक नव्हे, कोळ्यांच्या गोतातला आहे. त्याचे चित्र नेहमी फसते आणि मखमलीचा एकही तंतू न दिसता लाल ठिपका उमटतो, याचे कारण फोकसमध्ये नसून प्रकाशमापनात असते. यंत्र साऱ्या दृश्याची सरासरी पाहते, तेवढ्यात लाल रंगाची नोंद काठोकाठ भरून जाते आणि त्यातील तपशील नाहीसा होतो. प्रकाश मुद्दाम एक पायरी कमी ठेवावा. झेंडूलाही हेच लागू पडते.

आपला मुलूख उसाचा, म्हणून एक गोष्ट शेतकरी बांधवांसाठी सांगतो. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा पसरला, तेव्हा पानाखालचा पांढरा थर पाहूनच माणसे हवालदिल होत. हा मावा सुमारे २ मिलिमीटरचा. त्याला खाऊन टाकणाऱ्या डिफा आणि मायक्रोमस या कीटकांच्या अळ्या त्याच लोकरीत दडून असत आणि साध्या नजरेला सहसा दिसत नसत. जवळून घेतलेल्या चित्रात मात्र त्या ओळखू येतात, आणि त्या दिसल्या तर त्या पानावर औषध मारण्याची घाई करू नये, हा निर्णय घेता येतो. आपल्या कलेचा याहून प्रत्यक्ष उपयोग मला माहीत नाही.

एक ताकीद मात्र कळकळीने देतो. कीटक हलू नये म्हणून काही जण त्याला बर्फात गारठवितात आणि मग फुलावर ठेवून चित्र घेतात. आखडलेल्या पायांवरून ते जाणत्यास कळते. पण कोणास कळले नाही तरीही तो त्या जिवावरचा जुलूमच आहे, कारण त्याची उडण्याची शक्ती हे त्याचे एक मोठे संरक्षण असते आणि आपण तेच काढून घेतो. गवताची आड येणारी पाती कापू नयेत, दोऱ्याने बाजूस बांधावीत आणि निघताना सोडावीत.

निजलेल्या त्या माश्या पाहण्यास उद्या सकाळी ज्यांना यावयाचे असेल त्यांनी साडेपाचला पाटाच्या मोरीपाशी जमावे. बॅटरीवर लाल कागद बांधावा, आणि भरावावरून एकामागे एक चालावे, म्हणजे माश्यांच्या मुक्कामाची काडी मोडणार नाही. काल संध्याकाळी मी मोजल्या तेव्हा तिच्यावर अकरा माश्या होत्या.