आजीचं नाव कुठल्या कागदावर होतं?

(ऐरोली येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आज ऐरोलीत उंच इमारती दिसतात. पण मुळात हे खाडीकाठचं आगरी-कोळ्यांचं गाव. माझे आजी-आजोबा इथलेच भातशेती करणारे. आजोबा नांगर धरायचे. राब भाजणं, लावणी, बेणणी, कापणी यांत आजी कंबर मोडेपर्यंत राबायची. खारं पाणी अडवणारा बांध दोघं मिळून चिखलानं लिंपायची. बांध फुटला तर वर्षाचं पीक गेलं! शेतीतून वेळ मिळाला की आजी खाडीत उतरून निवट्या, चिंबोऱ्या धरायची आणि पाटी घेऊन बाजाराला जायची. मीठ-मिरची त्यावरच चालायची.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. आमचं शेतही गेलं. सातबारा आजोबांच्या नावावर, म्हणून मोबदलाही त्यांच्याच नावानं आला. आजोबा भले माणूस होते, आजीला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. पण जमिनीबरोबर आजीचं काम गेलं, त्याचा मोबदला कुणी मोजलाच नाही. पन्नाशीनंतर ती परक्यांच्या घरी भांडी घासू लागली.

जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यात बायकाही रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याची योजना आली. भूखंड मिळायची वेळ आली तेव्हा आजोबा हयात नव्हते. वारसांची यादी झाली, आणि मग माझ्या दोन्ही आत्यांकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या गेल्या. बदल्यात एकेक साडी. "माहेर तुटायला नको," एवढंच आत्या म्हणाल्या. आजीनंही अंगठा दिला.

खरं तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं आजोबांच्या वाट्यात विधवेचा आणि मुलींचा मुलांइतकाच हक्क होता. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलींना जन्मतः हक्क दिला. १९९२ च्या लक्ष्मीमुक्ती योजनेनं नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सातबारावर लावायची सोय केली. कायदे झाले, पण सही करताना आत्यांना ते सांगायला कुणी नव्हतं.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. आपल्या घरचे जुने फेरफार काढा, वारसनोंदीत आपलं नाव आहे का पाहा. हक्कसोडपत्र समोर आलं तर त्याच दिवशी सही करू नका. घरी आणा, वाचून घ्या, मंडळातल्या बायकांना दाखवा. हक्क सोडायचाच असेल तर तो काय आहे हे कळल्यावर सोडा. आणि हक्क मागितल्यानं तुटतं ते माहेर कसलं, हा प्रश्न भावांनाही विचारू या.