मोसंबीच्या बागेचा आकाशातून फोटो



जालना एमआयडीसीत पाळीला येणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी एक-दोन एकर मोसंबी आहे. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरचं पाणी घालून झाडं जगवलेल्याही असतील. अशा बागेचा रंगीत नकाशा कुणी मोबाइलवर दाखवला आणि लाल डागावर बोट ठेवून म्हणालं, "इथे व्हायरस आहे, झाडं काढा," तर काय करायचं? आज त्याबद्दल बोलू या.

आधी हा नकाशा कसा तयार होतो ते पाहू. निरोगी पान उन्हातला तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकतं. झाड खंगलं की हे प्रमाण बदलतं. उपग्रहावरचा किंवा ड्रोनवरचा कॅमेरा तो फरक टिपतो. ही युक्ती नवी नाही. आपल्या देशात हिची सुरुवातच आजारी झाडांपासून झाली. १९७०च्या सुमारास शास्त्रज्ञ पिषारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळाच्या बागांचे फोटो घेतले होते. मुळांच्या रोगाने खंगलेले माड त्यात वेगळे दिसले.

आता आपल्या बागेचा हिशोब करा. सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. त्यातला एक चौकोन जमिनीवर १० मीटर लांब, १० मीटर रुंद असतो. आपली झाडं साधारण वीस-वीस फुटांवर. म्हणजे एका चौकोनात दोन-तीन झाडं बसतात. एकटं आजारी झाड त्यात हरवून जातं. ड्रोन एकेक झाड दाखवतो. ढग असले तर उपग्रहाला खालचं दिसत नाही, ते वेगळंच.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. झाड खंगलंय हे फोटो सांगतो, कशाने खंगलंय हे सांगत नाही. अंगाला हात लावून ताप कळतो, पण मलेरिया की टायफॉइड ते रक्त तपासल्यावरच कळतं, तसंच. ठिबकची नळी तुंबली, जस्त कमी पडलं, बुंध्याला डिंक्या लागला किंवा ट्रिस्टेझा हा विषाणू शिरला, तरी नकाशावर डाग सारखाच दिसू शकतो.

म्हणून डाग दिसला की कुऱ्हाड नको, आधी तिथे चालत जा. ठिबक सुरू आहे का पाहा. बुंध्याशी डिंक ओघळलाय का पाहा. शेजारच्या चांगल्या झाडाची पानं आणि फळं शेजारी धरून पाहा. बियाण्याच्या कंपनीत निवडणी करणाऱ्या जणींची नजर इथे फार उपयोगी पडते. तरीही शंका राहिली तर झाडाला चिंधी बांधून खूण करा आणि बदनापूरचं मोसंबी संशोधन केंद्र किंवा खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र इथे विचारा. विषाणू आहे की नाही हे प्रयोगशाळेत पानं-साल तपासूनच ठरतं.

तपासणी होईपर्यंत एक पथ्य मात्र नक्की पाळा. खुणेच्या झाडाची डोळकाडी कुणालाही देऊ नका, अगदी माहेरच्या माणसालाही नाही. ट्रिस्टेझा डोळकाडीतून कलमात जातो आणि माव्यामुळे एका झाडावरून दुसऱ्यावर पसरतो. एका रोगट झाडाच्या काड्यांवरून शेकडो रोपं तयार होतात, आणि दोष कळेपर्यंत त्या घराची चार-पाच वर्षं गेलेली असतात. फवारणीने झाडातला विषाणू मरत नाही. तसं सांगून कुणी बाटली विकत असेल तर पैसे घालवू नका. नव्या पालवीवर माव्याकडे लक्ष ठेवा आणि नवी रोपं खात्रीच्या, नोंदणीकृत रोपवाटिकेतूनच आणा.

आकाशातला कॅमेरा आपल्याला कुठे जायचं ते दाखवतो. तिथे जाऊन पाहणं आपल्याच हाती आहे. येत्या सुट्टीला बागेत एक फेरी मारा, आणि जाताना चार चिंध्या सोबत घ्या.