पाकिटावरचं तिकीट फाडू नका

आपल्या सांडोरात आणि वसईच्या गावागावांत कुणाची माणसं बोटीवर नोकरीला, तर कुणाची आखातात. मोबाइल येण्याआधी त्यांची पत्रं यायची. ती अजून कुठल्यातरी पेटीत असतील. घर आवरताना ती रद्दीत जातात, नाहीतर मुलं वरची तिकिटं ओरबाडून काढतात. तसं होण्याआधी तिकिटं जमवणाऱ्यांचे चार शब्द समजून घेऊ या.

पहिला शब्द ‘कव्हर’, म्हणजे पोस्टातून आलेलं अख्खं पाकीट. त्यावरच्या गोल शिक्क्यात गाव आणि तारीख असते. पत्र कुठून निघालं, कधी निघालं, हे तो सांगतो. तिकीट कापलं की ही साक्ष गेली. म्हणून जुनं पाकीट आहे तसंच ठेवायचं. आंतरदेशीय पत्रावर तर तिकीट छापलेलंच असतं, तिथे कात्री मुळीच लावायची नाही.

आता ‘मिंट’ आणि ‘यूज्ड’. मिंट म्हणजे कोरं, मागचा डिंक शाबूत असलेलं. यूज्ड म्हणजे शिक्का बसलेलं. शिक्का बसला म्हणून तिकीट टाकाऊ होत नाही, आणि जुनं आहे म्हणून महागही होत नाही. लाखोंनी छापलेल्या तिकिटाला फारशी किंमत नसते. किती छापलं, किती उरलं आणि कसं राखलं, यावर मोल ठरतं. कडेच्या दात्यांना ‘परफोरेशन’ म्हणतात. एक दाता तुटला तरी मोल उतरतं. म्हणून तिकीट बोटांनी नाही, चपट्या टोकाच्या चिमट्याने उचलतात.

तिकिटांचे दोन मोठे प्रकार. रोजच्या वापराचं, पुन्हा पुन्हा छापलं जाणारं ते ‘डेफिनिटिव्ह’. एखाद्या माणसाची किंवा प्रसंगाची आठवण म्हणून निघतं ते ‘कमेमोरेटिव्ह’, म्हणजे स्मारक तिकीट. महर्षी कर्वे यांच्या शंभरीला, १९५८ साली, त्यांचं तिकीट निघालं, तेव्हा ते हयात होते. पंडिता रमाबाईंचं १९८९ साली आलं, सावित्रीबाई फुले यांचं १९९८ साली. बायकांच्या शिक्षणासाठी झिजलेली ही माणसं. त्यांची तिकिटं एका पानावर लावली, तर लेकीला गोष्ट सांगायला वेगळं पुस्तक नको. एकच विषय धरून असं जमवण्याला ‘थिमॅटिक’ संग्रह म्हणतात.

तिकीट निघाल्याच्या दिवशी खास पाकिटावर ते लावून खास शिक्का मारतात, ते ‘फर्स्ट डे कव्हर’.

हे शब्द मुलांच्या शिक्षणालाही उपयोगी पडतात. पोस्ट खात्याने २०१७ साली ‘दीनदयाल स्पर्श’ नावाची शिष्यवृत्ती सुरू केली. सहावी ते नववीच्या मुलांसाठी, वर्षाला ६००० रुपये. मागच्या परीक्षेत ६० टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना त्यात ५ टक्के सूट आहे. शाळेच्या तिकीट-क्लबचं सभासदत्व हवं, नाहीतर पोस्टात मुलाच्या नावाने तिकिटांचं खातं. हे खातं २०० रुपयांत उघडतं आणि त्या पैशांतून नवी तिकिटं मिळत राहतात. निवडीसाठी लेखी प्रश्नमंजूषा आणि तिकिटांवरचा प्रकल्प असतो. इथेच हे शब्द कामाला येतात. यंदाचे नियम आणि तारखा आपल्या पोस्टात विचारा, किंवा मुंबईच्या जीपीओतल्या फिलाटेली विभागात.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातलं एक जुनं पाकीट आणावं. शिक्का वाचावा, तारीख वहीत लिहावी, आणि पत्र कुणी, कुठून, कशासाठी लिहिलं होतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून खाली टिपून ठेवावं. ते सांगणारी माणसं आज आहेत, तोवरच विचारून घ्या.